रिकाम्या सीटवरून आलेला हिरवा

सालईच्या घाटातून रुळांच्या कडेने पायी जाणार म्हणता? मग ऐका. पण आधीच सांगतो, सगळं जसंच्या तसं आठवतंय याची मला खात्री नाही. साल तर विचारूच नका. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. इंजिन चालवताना ड्रायव्हरला झोप कशी येते, याचा अभ्यास करायचा होता. परवानगी काढली आणि अंधार पडल्यावर एका मालगाडीच्या इंजिनात चढलो. ड्रायव्हर गुलाब तडवी, सहायक सुदाम इंगळे.

"मास्तर, आमची झोप तुमच्या वहीत मावल का?" तडवी हसले.

त्यांची रीत अशी. सिग्नल दिसला की एकाने रंग ओरडायचा, दुसऱ्याने बघून तोच परत म्हणायचा. जुळलं तरच पुढे.

सालईचा घाट लागला. मागे यंत्रांच्या खोलीत काहीतरी खडखडलं. इंगळे बॅटरी घेऊन मागच्या दाराने आत गेला.

"हिरवा!" तडवी ओरडले.

"हिरवा!" आवाज इंगळेचा. पण रिकाम्या सीटवरून!

"आला का रे?" तडवींनी मानही वळवली नाही.

"आलो, भाऊ."

अहो, सीटवर कोणी नाही! मी बघतोय ना! बोलायला गेलो, तोंड उघडेना. पुढचा सिग्नल वळणाआड, दिसतही नव्हता, तरी आवाज म्हणाला, "हिरवा!" आणि निघाला हिरवाच. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच! तडवी आता बघेनातच, नुसते आवाजामागून तेच म्हणत होते. डोळे उघडे, पण नजर विझलेली. ड्रायव्हर जागा आहे का, हे कळायला इंजिनात एक बटण असतं. दर मिनिटाला ते दाबलं नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. ते बटण खाली जात होतं, वर येत होतं. आणि तडवींचे दोन्ही हात मांडीवर!

वळण सुटलं. लांबवर सिग्नल. लाल!

"हिरवा!" आवाज म्हणाला.

"हिरवा," तडवी म्हणाले.

मला वाटलं, मीच चुकतोय. आपण पुस्तकी माणसं, आपल्याला काय दिसणार? चष्मा पुसला. लाल. पुन्हा पुसला. लालच!

"मास्तर, तुम्हाला यातलं काय कळतं?" आवाज थेट माझ्या कानाशी. गार श्वास लागला हो!

"लाल!" मी किंचाळलो. "तडवी, लाल आहे! लाल!" खांदा धरून गदागदा हलवला. ते दचकले, ब्रेक ओढला. चाकांखाली ठिणग्या! गाडी घासत गेली, घासत गेली... आणि खांबापाशी थांबली.

तेव्हा कुठे मागचं दार धडधडल्याचं ऐकू आलं. "दार उघडा! कधीचा ओरडून ऱ्हायलो मी!" इंगळे! दाराला आमच्या बाजूने कडी. ती मी लावली नव्हती. निदान मला तरी तसं आठवतं.

तासाभराने सिग्नल मिळाला. 

म्हणून सांगतो, सालईच्या घाटात रुळांच्या कडेची ती जवळची वाट धरू नका. कोणी ओळखीच्या आवाजात "ये, रस्ता मोकळा आहे" म्हणालं, तरी नाही.

मला भास झाला असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. निवृत्त झाल्यावर माझ्या वहीतली तारीख धरून, ओळख काढून घाटाजवळच्या स्टेशनची जुनी नोंदवही पाहिली. सिग्नल लालच होता. पुढच्या बोगद्यात इंजिन बंद पडून एक पॅसेंजर उभी होती. माणसांनी भरलेली.