खाटेचं हँडल

दादा : आणखी दोन फेरे फिरव, डोक्याची बाजू वर घे. आडवा झालो की पाण्यात बुडाल्यासारखं होतं.

बहीण : किती घट्ट असतात या हॉस्पिटलच्या खाटा. घरात लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस असताना हँडल मी फिरवतेय.

दादा : लिफ्टवाल्याचीच मोटर बसलीय ना. हं, पुरे. आता सांगा शास्त्रज्ञबाई, माझ्या रक्ताचं काय केलंत एवढे महिने?

बहीण : त्यातल्या पेशींना आधी मूळ पेशी बनवलं, मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या. रबराच्या पातळ पडद्यावर ठेवून पडदा ताणत राहिले. ताण, सैल, ताण, सैल.

दादा : म्हणजे इथे माझे हाल, आणि तिथेही माझेच.

बहीण : ऐक ना. धडधाकट पेशीला ताण कळतो. तिच्यात स्प्रिंगसारखं एक प्रथिन असतं. ते ओढलं गेलं की आत निरोप जातो, नवे धागे घाला, भिंत मजबूत करा. तुझ्यात ती स्प्रिंग अर्धवट बनते. निरोप नीट जातच नाही. पेशी नुसती लांबत जाते आणि सैल पडते.

दादा : डॉक्टर तर म्हणाले होते, तापातून आलं.

बहीण : ताप निमित्त झाला. दोष जन्माचाच.

दादा : मग बाबांचंही हेच. आई अजून गोदामाच्या मालकाला शिव्या घालते, गोण्या उचलायला लावून मारलं म्हणून.

बहीण : गोण्यांनी घाई केली असेल.

दादा : बरं, आणि धडधाकट पेशी कुणाच्या घेतल्यास?

बहीण : असतात लॅबमध्ये.

दादा : बरणीत भरून? माणूस असेल ना कुणीतरी.

बहीण : आमच्याकडे पद्धत आहे. तुलनेसाठी लॅबमधलंच कुणीतरी रक्त देतं. त्या दिवशी सगळे कामात होते.

दादा : तू दिलंस.

बहीण : मनातच आलं नाही रे. तुझं तापामुळे, बाबांचं गोण्यांमुळे, असंच धरून चालले होते. मी तर जिने धावत चढते.

दादा : मग?

बहीण : लॅबच्या मॅडमना वाटलं, पेशींच्या बशांची अदलाबदल झाली. मलाही तेच वाटलं. म्हणजे, वाटावंसं वाटलं. सगळं पुन्हा केलं. या वेळी प्रत्येक बशीवर खूण मी स्वतः केली.

दादा : आणि?

बहीण : दोन्हींत फरक नाही, दादा.



दादा : आईला बोललीस?

बहीण : नाही.

दादा : इतक्यात नको. तुझी तपासणी कधी?

बहीण : उद्या सकाळी. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर बराच काळ निभतं म्हणतात.

दादा : मी दम लागत असताना वर्षभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढत राहिलो. तू शहाणपणा करू नकोस.

बहीण : नाही करणार. तू थकलायस. खाट खाली घेते.

दादा : हँडल सोड.

बहीण : अरे, एवढ्याने काही होत नाही.

दादा : माहीत आहे. वॉर्डबॉय येईल, तो फिरवेल. तू बस इथे.