उत्तरेकडून आलेलं ऊन

...आणि वर मलाच सांगतात, 'ऊन जरा अजून टाका ना.' टाका म्हणे! भाजीत मीठ टाकावं तसं! तुम्हाला सांगतो, चौदा वर्षं हेच करतोय. अजून बांधलीच नाही अशा इमारतीची चित्रं कॉम्प्युटरवर करायची, बघणाऱ्याला वाटावं फोटोच आहे. भिंती एकजण करतो, सोफे दुसरा, माझ्याकडे उजेड आणि सावली. सोफ्याच्या पायाखालची सावलीसुद्धा मीच करायची, नाहीतर सोफा तरंगतो. आणि लोक म्हणतात काय, 'सोफा छान आहे हं.' असू दे. पण सूर्य एकच असतो, एवढं तरी कळावं की नाही माणसाला?

आमच्या साहेबांना नाही कळत. माझ्यामागे खुर्ची ओढून बसतात. 'हॉलमध्ये ऊन हवं.' म्हटलं, साहेब, हॉल उत्तरेला आहे. 'मग?' म्हटलं, उत्तरेकडून ऊन येत नाही. 'तुम्ही आणा की. किचनमध्येही आणा, बेडरूममध्ये जरा कोवळं.' अहो, तिन्हीकडून एकाच वेळी? सूर्य एकच असतो! 'तो तुमचा टेक्निकल प्रॉब्लेम झाला.' गेले उठून. मग नोकरी करणारा माणूस काय करतो? फाईलमधली उत्तर दिशाच फिरवली. इमारत होती तशीच, दिशेचा बाण तेवढा वळवला. हॉलमध्ये असं ऊन आलं, असं ऊन... मीच बघत बसलो.

आता आमची आई. गुडघे धरलेले, सगळं आयुष्य तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत गेलेलं. तिचं मागणं एकच. 'सकाळी उन्हात पाय पसरून बसता आलं की झालं रे.' म्हणून त्याच इमारतीत घर घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, 'जाहिरातीतलं चित्र बघून ठरवू नका हं, तुम्ही लोक त्यात काय काय करता मला माहितीये.' म्हटलं, मला शिकवतेस? चित्र बघतोय कोण? मी मूळ फाईल उघडली. बारा महिने, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, तासातासानं सूर्य फिरवून पाहिला. चौथ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीत, आठ ते अकरा रोज ऊन! आईच्या खुर्चीची जागासुद्धा काढली. एवढी खात्री कुणी करतं का? आणि तो बाण... तुम्हाला आठवला ना? मला नाही आठवला.

राहायला गेलो. आठ वाजता आई खुर्ची टाकून बसली. नऊ झाले, दहा झाले. 'येईल रे, थंडीचे दिवस आहेत, उशिरा उगवत असेल.' अकराला बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आणि आत जाऊन आईचा स्वेटर घेऊन आली. सूर्य होता, मागच्या बाजूला, जिन्यात. सूर्य एकच असतो आणि तो आमच्या जिन्यात असतो! आई स्वेटर घालून त्या खिडकीत बसते आणि मावशीला फोनवर सांगते, 'लेकानं स्वतः बघून घेतलंय घर, ऊन काय सुंदर येतं.' मला लाज वाटते. सरळ सांगतो, रडायला येतं.

तेवढ्यात साहेबांचं नवं फर्मान. शेजारची इमारत, तसंच चित्र, 'पण हॉलमध्ये एखादी आजी बसवा, घर घरासारखं वाटतं.' दुसरी आजी कुठून आणू? आईचाच फोटो काढून खुर्चीत बसवला. बाणाकडे हात आपोआप गेला. आठ दिवस खपलो. चेहऱ्यावर ऊन, गुडघ्यांवर ऊन, खुर्चीखाली मऊ सावली. साहेबांनी पहिल्यांदाच एकही बदल सांगितला नाही.

घरी नेऊन आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला, चित्र डोळ्यांजवळ धरलं. मग हळूच म्हणाली, 'कोण रे ही बाई? किती सुखात दिसतेय. तिच्या इमारतीत एखादं घर मिळतंय का, बघ ना.'

म्हटलं, बघतो.