गाऱ्हाण्यात क्रेडिट कार्ड

नाही, पण मी काय म्हणतो, एकटीला सांगितलं होतं ना मी? आईला नाही, भावाला नाही, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसून रोज माझ्या डब्यातला अर्धा बांगडा खाणाऱ्या निलेशला नाही... फक्त बायकोला. गेल्या वर्षीच्या माघातली गोष्ट. माजघरात आम्ही दोघंच, मी दार लोटून घेतलं, घसा खाकरला आणि म्हटलं, शमिका, क्रेडिट कार्डाचं जरा जास्त झालंय. किती, म्हणाली. सांगितलं. तर म्हणाली, "बरं. फेडू." तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. काय माणूस मिळालंय आपल्याला, असं वाटलं. म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस हां. "मी कुणाला सांगायला जाते?" हे तिचे शब्द. लक्षात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झालं कसं? अहो, होतं. मोबाईलवर बोट टेकलं की वस्तू दारात, खिशातून दमडी जात नाही, आणि पुढच्या महिन्यात बँकच म्हणते, सगळे कशाला भरताय, हे एवढेसे भरा. इतकं गोड बोलणारा माणूस दारात आला असता तर आईने त्याला उंबऱ्याबाहेरूनच हाकलला असता. मी आपला एवढेसे भरत गेलो आणि मागे डोंगर वाढत गेला. घेतलं काय म्हणाल, तर तीन स्पीकर, पाठ रगडायचं मशीन, आणि फरशी पुसणारा रोबोट. आमच्या घरात फरशी दोन खोल्यांना, बाकी शेणाचं सारवण! पहिल्याच दिवशी तो रोबोट पायरीवरून घरंगळला, आईने नुकत्याच सारवलेल्या अंगणात गोल गोल फिरला आणि तिथेच बसला तो बसलाच. आईने त्याच्यावर पाटी पालथी घातली. म्हणाली, "मेल्या, कोंबड्या बुजतात."

तर शिमगा आला. आमच्या लांज्याकडच्या गावांत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, अंगणात बसते, घरची बाई ओटी भरते, मग गुरव नारळ हातात घेऊन त्या घराचं गाऱ्हाणं देवाला घालतो आणि जमलेला गाव मागून व्हय म्हाराजा म्हणतो. आमच्या घराचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं ठरलेलं... पोरंबाळं सुखात ठेव, आंब्याचा मोहोर टिकू दे, झालं. त्या दिवशी रामाकाका गुरवांनी नारळ हातात घेतला, तोच ही पदर सावरत पुढे झाली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. मी म्हटलं, आईच्या गुडघ्याचं सांगत असेल.

रामाकाकांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. माईक नाही, काही नाही, पण ते बोलले की वहाळापलीकडची म्हैस मान वर करते.

"बा देवा म्हाराजा! आज हा जो काय तुझा सेवक संदेश तुझ्या पायाशी उभा हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"...त्याच्या मागं जा काय बँकेचा क्रेडिट कार्ड लागलाय..."

"व्हय म्हाराजा!"

"...नको नको त्या वस्तू घरात आणायची जी काय बुद्धी होते, ती बारा वाटांनी भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दीडशे माणूस! ढोलवाले त्यात, माझा मेव्हणा त्यात, मुंबईचे चाकरमानी त्यात, ज्यांना आदल्याच दिवशी मी नवा स्पीकर वाजवून दाखवला होता. आणि खरं सांगू? हात जोडलेले, जन्माची सवय... तिसरा व्हय म्हाराजा माझ्याही तोंडातून गेला.

एकटीला सांगितलं होतं हो मी.

बरं, तिथे संपलं असतं तर ठीक. पण आमच्या गावात एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की माणूस त्याला बांधला जातो. पार्सलं आणणारा हर्षद फाट्यावर भेटला. "दादा, तुमच्या नावाचं एक होतं, परत पाठवलं." मी म्हटलं, कुणाला विचारून? तर म्हणतो, "मी पण व्हय म्हटलंय ना. मला पोरं आहेत दोन, उगाच देवाशी कशाला?" एसटीत चढलो तर मथुराकाकू पुढच्या सीटवरून माझ्या पायांकडे बघतायत. "काय रे, चपला नव्या? कुठल्या पैशानं?" काकू, त्याच आहेत, धुतल्या. "धुतल्या म्हणतो," असं त्यांनी अख्ख्या गाडीला सांगितलं. शेवटी म्हटलं, लांज्याला जाऊ, तिथे कोण ओळखतंय. दुकानात एक घड्याळ पसंत केलं, कार्ड पुढे केलं. दुकानदाराने त्यावरचं नाव वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कार्ड परत दिलं. त्याची सासुरवाडी आमच्या वाडीत निघाली!

मग काय, खर्चच होईना. पगार यायचा तो सरळ बँकेत जायचा. स्पीकर विकले, मशीन विकलं, रविवारी दुसऱ्यांच्या बागेत आंबे उतरवायला गेलो. पण घरात मी हिच्याशी धड बोललो नाही. भात वाढ, पाणी दे, बस. लागलं होतं हो मला. एवढ्या जगात एक माणूस धरलं होतं, आणि त्याच माणसाने मला अंगणात उभं करून सोललं. पैशांचं दुःख फिटतं, ह्याचं काय करायचं?

परवा कार्डाचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचा शिक्का मारलेला कागद घेऊन मी तडक घरी. ही मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसलेली. म्हटलं, "घे. एक पैसा बाकी नाही. आता तरी सांग, मी तुझ्यावर विश्वास टाकला होता, तू गावासमोर माझी अब्रू का काढलीस?"

तिने हात पुसले. कागद वाचला, घडी घातली.

"हे एकाचं झालं," म्हणाली. "दुसऱ्याचं?"

आता ते दुसरं कार्ड... तुम्हाला मघाशी बोललो नाही, कारण मुद्दा तो नव्हता, मुद्दा विश्वासाचा होता. तांदळाच्या कणगीत तळाशी ठेवलं होतं मी ते. वर्षाचा तांदूळ, तळाला हात लागायला पावसाळा उजाडतो, असा माझा अंदाज. पण त्या माघात घरी पाहुणेच इतके आले की तांदूळ लवकर सरला.

"तुम्ही मला सांगितलंत, त्याला आठ दिवस झाले नव्हते," ती म्हणाली. "मी तुम्हाला फेडू म्हटलं होतं, आणि तांदूळ काढायला गेले तर हातात हे. तेव्हाच कळलं मला, ह्या माणसाला मी एकटी पुरायची नाही. गाव लागेल."

कोळंबी सोलताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तिच्या आलं होतं. वर्षभर मी अबोला धरून बसलो होतो, आणि अबोला धरायचा हक्क कुणाचा होता तो मला परवा कळला.

मी खाली बसलो. म्हटलं, चुकलो. यंदा पालखी आली की रामाकाकांना मीच सांगतो, दुसऱ्याचंही.

"सांगा," म्हणाली, "पण आधी मला सांगा. एकूण किती आहेत?"

म्हटलं, आता खोटं नको. सांगितलं. तीन.

ती उठली, पायांत चपला सरकवल्या. मी म्हटलं, अगं, पालखीला अजून नऊ दिवस आहेत.

"तोवर वाडीत सांगून ठेवते," म्हणाली, आणि गेली. मी आपली उरलेली कोळंबी सोलायला घेतली.