क्लारा आणि शेखचाचींचा डबा

परदेशी मुलांना आपलं तिखट झेपत नाही म्हणता? क्लाराला तिखट झेपलं, डबा झेपला नाही. क्लारा म्हणजे ती जर्मन मुलगी, एका सेमिस्टरसाठी पुण्यात शिकायला आलेली. हडपसरला आमच्याच घरी राहायची.

ईदला शेजारच्या शेखचाचींनी स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा पाठवला. क्लाराने तो संपवला, डबा घासला आणि परत द्यायला निघाली. आईने दारातच अडवलं.

"रिकामा डबा देतात का कुणी?"

मग क्लाराने बटाट्याचं सॅलड भरून दिलं. चाचींकडून डबा परत आला, आत बिर्याणी. हिने केक दिला, तिकडून कबाब आले. परीक्षा तोंडावर आली तरी ही आपली ओट्यापाशीच. शेवटी एकदा वैतागून डबा घासताना तिला तळाशी कोरलेलं नाव दिसलं. नुकतीच शिकलेली अक्षरं जुळवत तिने वाचलं.

"सौ. सुनंदा... काकू, हे तर तुमचं नाव. डबा तुमचाच आहे."

"माहितीये," आई म्हणाली. "पण इतक्या वर्षांत तो एकदाही रिकामा आला नाही. ठेवून कसा घेणार?"