दहापट तेल्लेर्वो

...आणि वर मला म्हणतो काय, तर "जुनं उकरून काढू नकोस, तेल्लेर्वो!" अहो, जुनं कुठलं? पाच वर्षं रोज सकाळी कॉफीच्या टेबलावर कामावरचे लोक मला ते ताजं ताजं वाढतात! "या या, दहापट बाई आल्या! साखर किती घालू? दहा चमचे?" आणि हसतात! आमचे लोक वर्षातून दोनदा हसतात हो, त्यातलं एकदा माझ्यावर!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच खार खाऊन आहे. खार खाऊन आहेच! पण उगाच नाही.

कुओपियोच्या बाहेर, तळ्याकाठच्या एका तळघरात मी बावीस वर्षं सायक्लोट्रॉन चालवते. सायक्लोट्रॉन म्हणजे काय, तर गोफण. दगडाऐवजी अणू घालायचे, गरागरा फिरवायचे आणि सोडायचे! उपग्रह वर गेला की त्याच्या सर्किटांवर असेच कण सटासट आदळतात, सर्किटं वेडीपिशी होतात, म्हणून लोक ती आधी माझ्याकडे मार खायला आणतात. मी मारते. पण मोजून! सेकंदाला हजार सांगितले तर हजार, उगाच हात सैल सोडायचा नाही. त्याला आम्ही बीम म्हणतो, आणि तुम्हाला सांगते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवा, माझ्या नवऱ्याला ठेवा, माझी काही हरकत नाही... पण बीमला?

तर हा रायमो. हेलसिंकीच्या एका कंपनीतला मोठा इंजिनियर, उंच, गोरा, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघणारा. पाच वर्षांपूर्वी सर्किट घेऊन आला. मी बीम सोडला, चौथ्या मिनिटाला त्याचं सर्किट आडवं! आता शहाणा माणूस काय म्हणेल? बरं झालं, जमिनीवरच मेलं. हा काय म्हणाला? "तेल्लेर्वो, तू दहापट बीम सोडलास." म्हटलं, "मोजणी बघ, हजारच आहे." म्हणे, "मग तुझं मोजायचं यंत्र बिघडलंय." तसं अहवालात लिहिलं, तसलंच सर्किट वर पाठवलं आणि अकराव्या दिवशी उपग्रह मुका! चौकशी बसली, तिथं हा गंभीर चेहरा करून, "काय सांगू, चाचणीतच बीम चुकला होता, खरा दोष आम्हाला कळलाच नाही." अहो, कळला होता! मीच दाखवला होता! पण चौकशीवाल्यांनी काय लिहिलं? "चालकाच्या चुकीची शक्यता नाकारता येत नाही." नाकारता येत नाही! म्हणजे सिद्धही करता येत नाही, पण नावाला चिकटवता येते! बीम बरोबर होता हो! बीम बरोबर होता!

आणि यंदा मार्चमध्ये टेबलावर अर्ज येऊन पडला. कुणाचा? रायमोचा! नवा उपग्रह, नवं सर्किट, एक दिवस बीम हवा, कृपया लवकरची तारीख द्यावी. कृपया! आणि तारखा कोण लावतं? मी!

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी आधी दोन गोड पाव खाल्ले. कॅलेंडर समोर घेतलं, कुठला दिवस याला सगळ्यात जास्त झोंबेल... आणि सापडला! युहान्नुसच्या सणाचा आदला दिवस! उन्हाळ्याच्या मध्यावर अख्खा देश तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरी, वाफेचं सावना तापलेलं, सॉसेजं भाजतायत, पोरं पाण्यात उड्या मारतायत, आणि हा जमिनीखाली दहा मीटर, खिडकीसुद्धा नाही! शिक्का मारला, पाठवलं, उड्या मारत घरी गेले. नवरा म्हणतो, "अगं, मग त्या दिवशी बीम कोण चालवणार?"

...मी!

सांगा आता, असा सूड कुणी घेतलाय का, की शत्रूला खड्ड्यात ढकलायचं आणि तोल सांभाळायला त्याचाच हात धरायचा?

तो दिवस उजाडला. नवरा सॉसेजं घेऊन पुढं गेला आणि मी तळघरात. रायमो आला. पाच वर्षांत केस गेलेले, पोट आलेलं, मला बरं वाटलं. म्हणतो, "मोइ, तेल्लेर्वो. छान हवा आहे बाहेर." म्हटलं, "असेल." तेव्हा तो म्हणाला ते, जुनं उकरू नकोस. मी काही उकरलंच नव्हतं हो अजून! मनातल्या मनात उकरत होते, ते याला ऐकू गेलं?

सर्किट पेटीत ठेवलं, हवा उपसली, सुरुवात हलक्या अणूंनी. पास. जरा जड. पास! तसा हा खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "झालं की. झेनॉन राहू दे, दोघंही सणाला वेळेवर पोचू." झेनॉन म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जड गडी. म्हटलं, "अर्जात झेनॉन लिहिलंय. सही कुणाची आहे?" रेललेला होता तो सरळ बसला. असं गार वाटलं मला! म्हटलं, ये बाबा झेनॉन, घे याचा समाचार!

झेनॉन लावला, नीट जुळवला, सोडला. आणि दुसऱ्या मिनिटाला... सर्किट आडवं! पडद्यावर चुका अशा धो धो, त्याच्या सर्किटला चुका दुरुस्त करायची सोय होती, पण बिचारं एक पुसेपर्यंत वर दहा! रायमोचा चेहरा म्हणजे भिजवलेला कागद. नुसता हात डोक्यावर. आणि मी? नाचावंसं वाटलं हो! वाटलं छतावर चढून ओरडावं, ऐका, ऐका, बीम बरोबर होता, तेव्हाही आणि आत्ताही...

आणि सवयीनं मोजणीकडे बघितलं.

दहा हजार.

दहा हजार हो! बीम जुळवताना वाटेतली जाळी बाजूला करावी लागते, जास्तीचे कण अडवणारी जाळी, आणि नंतर ती परत लावायची असते. मी लावलीच नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा! सुडाच्या घाईत!

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मोजणीचा पडदा फक्त माझ्यासमोर. जाळी एका बटणावर. दाबलं असतं की मोजणी परत हजार, कुणाला कळलं नसतं, सर्किट नापास, रायमो घरी! आणि सांगितलं तर? तर पाच वर्षांपूर्वी तो जे खोटं बोलला, ते मी स्वतःच्या तोंडानं खरं करायचं! दहापट तेल्लेर्वो! बोट बटणावर गेलं, खोटं कशाला सांगू... गेलं होतं. तिथंच थांबलं. म्हटलं, हे दाबलं तर बाई, तू आणि तो एकाच माळेचे मणी.

"रायमो," म्हटलं, "बीम बरोबर नव्हता. दहापट गेला. चूक माझी."

तो बघतच राहिला. पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून नाही, माझ्याकडे. मी वाट बघतेय, आता हसेल, आता म्हणेल, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आमच्याकडे लोक तसेही हळू बोलतात, पण तेवढ्या वेळात माणूस चार बटाटे सोलेल हो! मग म्हणाला, "हे तू कशाला सांगितलंस?"

म्हटलं, "कारण बीम बरोबर नव्हता."

 मग अगदी खाली बघून, "गेल्या वेळी होता, तेल्लेर्वो. गेल्या वेळी बीम बरोबर होता. मला तेव्हाच माहीत होतं."

माहीत होतं! अहो, हे वाक्य ऐकायला मी पाच वर्षं... आणि आलं ते माझ्याच चुकीच्या पाठोपाठ! रडू येईल असं वाटलं, म्हणून कागद पुढं सरकवला. "लिहून दे." "आत्ता?" "आत्ता! तारीख घाल, सही कर, चौकशीवाल्यांना पाठव, त्याशिवाय पुढचा बीम नाही!" लिहिलं त्यानं. माझ्यासमोर, एकेक अक्षर, कपाळाला घाम. मग जाळी लावून मी राखीव सर्किटावर झेनॉन सोडला, हजार म्हणजे हजार. आणि तुम्हाला सांगते, पास झालं मेलं! पासाच्या कागदावर सही करायला हात जड झाला होता, पण केली. खरं ते खरं.

सण संपून महिना झाल्यावर आमच्या संचालक पिर्क्कोबाईंनी बोलावलं. टेबलावर दोन कागद, एक रायमोचा, एक माझा स्वतःचा, जाळीबद्दलचा. "तेल्लेर्वो, चौकशी समितीनं तुमच्या नावावरचा ठपका पुसलाय. मनापासून अभिनंदन." मी म्हटलं, "धन्यवाद." "आणि त्या जाळीच्या चुकीबद्दल नियमाप्रमाणे तुम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण. सोमवारी, सकाळी आठला."

आता आमच्याकडे ते प्रशिक्षण अख्ख्या इमारतीत एकच माणूस देतो. मी.

गेले की सोमवारी! आठ वाजता रिकाम्या वर्गात उभी राहिले, हजेरी घेतली, ओ दिली, "जाळी लावायला कधीही विसरू नये," असं फळ्यावर लिहिलं आणि समोरच्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेतलं.