फाटकाला टेकवलेली सायकल

हिल्डा: ईस्टरला मी तुला काय सांगितलं होतं? दारापाशी टांगलेला पाहुण्याचा बिल्ला पाहुण्यानंच फिरवायचा. बाहेर पडताना लाल बाजू, परत आला की पांढरी. आपण बोटसुद्धा लावायचं नाही.

ब्रायनी: आणि मी हसले होते. “हे काय गिरणीतल्या हजेरीसारखं” म्हणाले होते. सगळं आठवतंय मला, हिल्डा. आत्ता काय करू ते सांगा.

हिल्डा: आधी आयव्हीला माझ्याकडे दे. किती आवळून धरलंयस लेकराला. हं. आता पहिल्यापासून सांग. पेनफोल्ड किती वाजता निघाले?

ब्रायनी: आठला. आपली पिवळी सायकल घेतली, सात नंबरची. म्हणाले, तळ्याच्या टोकापर्यंत सायकल, तिथून पायी ग्रे नॅबच्या डोंगरावर, आणि चार वाजता चहाला हजर. दर वर्षीसारखं.

हिल्डा: दर वर्षी बायको असायची बरोबर.

ब्रायनी: तेच ना. यंदा पहिल्यांदाच एकटे. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत ते. सकाळपासून माझा एक डोळा दाराकडे होता. साडेबाराला शेडमध्ये गेले तर सात नंबर जागेवर उभी! इतकं हायसं वाटलं मला. म्हटलं, दमून लवकर परतले, वर जाऊन झोपले, बिल्ला फिरवायचा राहिला. येता-जाता तो लाल बिल्ला डोळ्यांत खुपत होता. म्हणून मी पांढरा केला.

हिल्डा: तुझ्या डोळ्यांत खुपू नये म्हणून.

ब्रायनी: हो. म्हणून.

हिल्डा: आणि चहाला आले नाहीत तेव्हा?

ब्रायनी: बिल्ला पांढरा होता ना! तो मीच केलाय हेसुद्धा विसरून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाचला दार वाजवलं. अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नाही. बूट पण नाहीत खाली.

हिल्डा: मग सायकल काय एकटी आली?

ब्रायनी: मला वाटलं लाँचनं आले असतील. पण मार्टिनला आत्ता फोन केला. आज त्याच्या लाँचवर एकही म्हातारा माणूस नव्हता. दिवसभर सगळी शाळेची पोरं.

हिल्डा: मग तळ्याच्या टोकाला राहणारा आयझॅक. दुसरं कोण? फोन लाव त्याला. आणि आवाज मोठा कर, मलाही ऐकू दे.

आयझॅक: कोण?

ब्रायनी: आयझॅक, मी ब्रायनी. गेस्ट हाऊसमधून. आमची पिवळी सायकल तुम्ही आणून ठेवलीत का आज?

आयझॅक: आणली की. बाराच्या सुमारास. माझ्या फाटकाला टेकवलेली होती. गावात बियाणं आणायला निघालोच होतो, टाकली ट्रेलरमध्ये. तू दिसली नाहीस. वरून बाळ रडत होतं तुझं, म्हटलं कशाला हाक मारा.

ब्रायनी: फाटकाला टेकवलेली. अहो, पण ती टेकवून माणूस वर गेला होता! डोंगरावर!

आयझॅक: कोण माणूस?

ब्रायनी: पेनफोल्ड. परत येऊन त्याच सायकलवर बसणार होते ते.

आयझॅक: पोरी, तुझे पाहुणे नेहमीच टाकून जातात ग तिथं. येताना वारा पाठीशी, जाताना तोंडावर. मग पाय दुखतात, सायकल माझ्या फाटकाला आणि आपण लाँचमध्ये. गेल्या आठवड्यात तीन आणल्या मी. तुझ्या सासूच्या, हिल्डाच्या वेळेपासून आणतोय.

ब्रायनी: मागे त्यांची पिशवी होती बांधलेली! मी आत्ता उघडून पाहिली. पावसाळी कोट आहे तिच्यात. ज्याला लाँचनं जायचंय तो आपली पिशवी सोडून जाईल का? एवढंही बघितलं नाहीत?

आयझॅक: बघितलं. विसरला असेल, वाटलं.

ब्रायनी: तुम्हाला वाटलं! तुम्हाला सांगितलं कुणी होतं सायकल उचलायला? एक माणूस थकून खाली येतो, आणि त्याची सायकल जागेवर नाही. अंगात कोट नाही. अकरा किलोमीटर रस्ता. काही बरंवाईट झालं ना, आयझॅक, तर ते तुमच्यामुळे. ऐकताय ना?

आयझॅक: ऐकतोय.

ब्रायनी: कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

आयझॅक: कुणी नाही, पोरी. कुणीच नव्हतं सांगितलं.

हिल्डा: ठेवला त्यानं फोन. ब्रायनी, तू हे काय बोललीस?

ब्रायनी: नंतर, हिल्डा. बचाव पथकाला लावते. कॉलम? कॉलम, मी ब्रायनी. आमचे एक पाहुणे परतले नाहीत. आर्थर पेनफोल्ड. त्र्याहत्तर.

कॉलम: बरं. शांतपणे सांग, मी लिहून घेतोय. कुठे गेले होते?

ब्रायनी: ग्रे नॅब. सायकल तळ्याच्या टोकाला ठेवून.

कॉलम: सायकल तिथेच आहे?

ब्रायनी: नाही. आयझॅक बर्केटनी ती दुपारी इथे आणून टाकली.

कॉलम: अरे देवा. आणि तुमच्याकडे ते लाकडी बिल्ले असतात ना दारापाशी? त्यांचा कसा आहे?

ब्रायनी: पांढरा.

कॉलम: पांढरा? म्हणजे परत आले होते.

ब्रायनी: बिल्ला पांढरा आहे.

कॉलम: मग लाँचनं किंवा कुणाच्या गाडीनं आले असतील, आणि पुन्हा फिरायला बाहेर पडले. हे बरं झालं. मग डोंगरावर नको जायला. तुमच्याच बाजूचा काठ, जेट्टी, चर्चमागचं रान आधी पालथं घालतो. सहा जणं आहेत माझ्याकडे, दोघं पाण्यावर. ठीक?

ब्रायनी: ठीक.

हिल्डा: ठीक?

ब्रायनी: हिल्डा, प्लीज.

हिल्डा: सहा माणसं चर्चमागं झुडपं हलवत बसतील आणि तो म्हातारा अकरा किलोमीटरवर पडलेला असेल. का? तर तुझी लाज राहावी म्हणून?

ब्रायनी: सगळे म्हणतील, हिला घर सांभाळता येत नाही. पाहुणा सांभाळता येत नाही, तर पोर काय सांभाळणार. नुसती घाबरत असते आणि घाबरून करते काय, तर हे.

हिल्डा: म्हणू देत. मला तीस वर्षं म्हणाले. फोन लाव. नाहीतर मी लावते, आणि मी लावला तर गोड बोलणार नाही.

ब्रायनी: कॉलम? पुन्हा मीच. ऐका. तो बिल्ला त्यांनी नाही फिरवला. मी फिरवला. साडेबाराला. ते परत आलेच नव्हते. त्यांना सकाळी आठनंतर आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही.

कॉलम: तू.

ब्रायनी: मी.

कॉलम: बरं. आत्ता सांगितलंस, बरं केलंस. म्हणजे ते तीनच्या सुमाराला खाली आले असणार. सायकल नाही. रस्त्यानं अकरा किलोमीटर. पलीकडच्या काठानं पायवाट आहे, सातच किलोमीटर.

ब्रायनी: त्या घसरड्या दगडांमधून जाते ती?

कॉलम: तीच. ठेव फोन. सगळ्यांना तिकडे वळवतो.

(दहा दिवसांनंतर, सकाळी. गेस्ट हाऊसच्या सायकलींच्या शेडसमोर.)

पॉलीन: ब्रेक बघून झाले. घंटी झाली. टोपी झाली. डबा झाला. मुली, माझी आईसुद्धा मला एवढं विचारत नसे, आणि ती फार खवट होती.

ब्रायनी: सॉरी. कोट घेतलात?

पॉलीन: घातलाय! हा काय, नारिंगी. बेल्जियममधूनसुद्धा दिसेल. तीस वर्षं टपाल वाटलंय मी ब्रॅडफर्डमध्ये. पाऊस, कुत्री, बर्फ, काही सोडलं नाही. एका तळ्याला काय घाबरायचं?

ब्रायनी: कुठल्या बाजूला जाणार आहात?

पॉलीन: टोकाला. डोंगरबिंगर नाही चढायचा. तिथं बसून डबा खायचा आणि परत. का? तुझं तोंड का उतरलं?

ब्रायनी: काही नाही. टोकाला एक फाटक लागेल. हिरवं. तिथे सायकल टेकवू नका.

पॉलीन: का? मालक चावतो?

ब्रायनी: नाही हो. उलट. तो माणूस वीस वर्षं आमच्या पाहुण्यांनी टाकलेल्या सायकली स्वतःच्या ट्रेलरमधून आणून देत होता. कुणी न सांगता. या महिन्यात त्यानं अशीच एक आणली आणि ती टाकलेली नव्हती. पाहुणे वर डोंगरावर होते. चालत परतताना पलीकडच्या काठावर दगडांवरून घसरले. पाच तास पडून होते, खुबा मोडून.

पॉलीन: गेले?

ब्रायनी: नाही, नाही. हॉस्पिटलमध्ये आहेत. काल भेटून आले. सूप पातळ आहे म्हणून नर्सशी भांडत होते. काठी घेऊन चालतील म्हणतात डॉक्टर. डोंगर मात्र संपले त्यांचे. मला म्हणाले, “बायको नसताना एकट्यानं त्या वाटेनं जायलाच नको होतं, ती मला आवरायची.” कुणालाच बोल लावला नाही त्यांनी. मलासुद्धा नाही.

पॉलीन: तुला कशाला लावतील?

ब्रायनी: कारण साडेबारापासून पाचपर्यंत कुणीच शोधलं नाही, ते माझ्यामुळे. ते परतले, असं मीच ठरवून टाकलं. पथकाला ते मी सांगितलं. थोडं उशिरा, पण सांगितलं. आयझॅकना सांगायचं राहिलं.

पॉलीन: आयझॅक म्हणजे फाटकवाला?

ब्रायनी: हो. राहिलं नाही, मी राहू दिलं. आठ दिवस. त्यांना फोनवर मी म्हणाले होते, काही झालं तर तुमच्यामुळे. त्यांनी फोन ठेवला आणि कुणाची वाट न बघता कुत्रीला घेऊन बाहेर पडले. पथकाच्या आधी पेनफोल्ड त्यांनाच सापडले. स्वतःचा कोट काढून पांघरला त्यांना, पथक येईपर्यंत हात धरून बसले. स्ट्रेचर गाडीत चढवलं, आणि घरी गेले. तेव्हापासून खाली आलेले नाहीत.

पॉलीन: तू गेलीस?

ब्रायनी: दोनदा. आयव्हीला गाडीत घेऊन. पडदा हलला, दार नाही उघडलं. सासूबाई जाऊन आल्या, त्यांना आतूनच म्हणाले, “बरा आहे, हिल्डा, जा.” परवा मी पत्र लिहून दाराखालून सरकवलं. सगळं लिहिलं, काय मी केलं, काय त्यांनी नाही केलं. काल त्यांच्या शेजारच्या फार्मवर मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवस होता. आमच्याकडे सगळे एकमेकांकडे जातात त्या दिवशी, आजारी माणूससुद्धा येऊन चहा गाळत बसतो. आयझॅक आले नाहीत. सत्तर वर्षांत पहिल्यांदा, असं सगळे म्हणत होते.

पॉलीन: घरात कोण असतं त्यांच्या?

ब्रायनी: नेल. कुत्री.

पॉलीन: हं.

ब्रायनी: काय हं?

पॉलीन: काही नाही. टपालवाल्यांचं हं आहे ते. आम्हाला दारं वाचता येतात. तुझं पत्र दाराखाली तसंच दिसत असेल, तर एक अर्थ. उचललेलं असेल, तर दुसरा.

ब्रायनी: मला नाही जाववत पुन्हा. म्हणजे जाईन, पण मला ते उघडणार नाहीत. मला बघितलं की त्यांना तेच वाक्य ऐकू येत असणार. पण सायकलवाला अडला असेल तर आयझॅक दार उघडल्याशिवाय राहायचे नाहीत. ते त्यांना जमायचंच नाही. पॉलीन, तुमच्या मागच्या चाकातली थोडी हवा सोडू?

पॉलीन: मघाशी तूच भरलीस ना? तीनदा दाबून बघितलीस!

ब्रायनी: थोडीशीच. चाकाला काही होणार नाही. टोकाजवळ पोचेपर्यंत मऊ लागायला लागेल. फाटकाच्या आत डावीकडे गोठा आहे, पंप तिथे टांगलेला असतो, पण तुम्ही तो घेऊ नका. दार वाजवा आणि मागा.

पॉलीन: साठ वर्षांच्या बाईला पंक्चर झालेलं लेकरू बनवतेस होय ग. सोड हवा. अजून. हां, बास.

ब्रायनी: आणि पंप परत द्यायला आत जा. चूल पेटलेली आहे का बघा. टेबलावर ताट दिसतंय का. नेल अंगावर येऊन भुंकली तर उत्तम, नुसती पडून राहिली तर मला ते सांगा. माझं नाव काढू नका. चहा विचारला तर नको म्हणू नका.

पॉलीन: चहाला मी कधीच नको म्हणत नाही. आणि नाहीच उघडलं तर?

ब्रायनी: तर पुन्हा वाजवा. मागच्या दारानं जा, खिडकीतून हाक मारा. तरी नाहीच आले, तर तिथून हलू नका. फाटकापाशी फोन लागतो, मला करा, मी कॉलमला घेऊन येते. एवढं बघाल ना?