पाचात तीन

(१९७८ची जानेवारी. राजारामपुरीत वकील त्र्यंबकरावांच्या घरी चिमणाबाई आणि तिचा दीर आण्णा गेल्या वर्षीच्या गुळाची ढेप घेऊन आले आहेत.)

वकील : गुऱ्हाळाचं सरकारी सील कुणी तोडलं म्हणालात?

आण्णा : मीच. खटला जिंकला, तवा तोडलं. उसाच्या रसाचं पयलं आदण काहिलीत उकळाय लागलंय. वास पार मलकापुरापतोर गेलाय. एसटी थांबवून ड्रायवर इचारत हुता, गुऱ्हाळ कुठल्या गावाला हाय म्हणून.

वकील : आण्णा, आपण हरलोय.

चिमणाबाई : काय म्हणतासा?

आण्णा : वकीलसायेब, मुंबईत मी सोता बसलो हुतो की. पाच जज्ज एका रांगंत. पंख्याचं वारं पाचव्यापतोर जाईस्तोवर गरम हुईत हुतं. शेजारच्या कारकुनानं मराठीत सांगिटलं, तिघं म्हणत्यात गुऱ्हाळं बंद करून ऊस कारखान्याला घालायचा कायदा रद्द, दोघं म्हणत्यात ऱ्हाऊ दे. तीन आपलं म्हटल्यावर मी फुडचं कशाला ऐकतोय? एसटी गाठली.

चिमणाबाई : आन गावाला जेवाण घातलासा.

वकील : गावच्या पंचांत तीन म्हणजे जिंकलं. पण आणीबाणीत घटना बदलली. राज्याचा कायदा रद्द करायचा तर हायकोर्टात निदान पाच न्यायाधीश हवेत, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांनी तसं म्हणायला हवं. म्हणजे तिघांच्या वर.

आण्णा : वर म्हंजे सव्वातीन? पाव जज्ज कुठनं आणायचा?

वकील : म्हणून चौघं लागतात.

चिमणाबाई : म्हंजे जास्ती जण आमच्या बाजूला, आन हरलो आमीच?

वकील : हो.

चिमणाबाई : काहिलीपाशी पाक पारखाय आमचा गुळव्या एकला असतोय. त्यो उतरा म्हणाला की उतरायची. पाच गुळव्यं उभं करून चौघांची वाट बघत बसलं तर पाक करपंल की.

वकील : कायदा सहजासहजी रद्द होऊ नये, म्हणूनच घातली ती अट. ती काढायचं दिल्लीत चाललंय, पण आज आहे. बाई, माझं ऐका. माफी लिहून द्या, ऊस कारखान्याला घाला आणि मिटवा.

चिमणाबाई : मिटवायचं न्हाय. हेच्या वर कोण बसतंय?

वकील : सुप्रीम कोर्ट. तिथं निदान सात. त्यातले पाच हवेत.

आण्णा : मग सात ढेपा बांधू.

वकील : जज्जांना गूळ न्यायचा नसतो, आण्णा.

चिमणाबाई : भावजी, तुमी जावा आन चुलवाण विझवा.

आण्णा : वैनी, मी जाईस्तोवर पाक व्हायला आला असंल.

चिमणाबाई : आला तर आला. मातीत वतून टाका. बाईनं कायदा मोडला, असं दिल्लीत कुणी म्हणाय नगं. मामलेदाराकडं मी जाते. गुऱ्हाळ माझं, जाब मी दीन.

वकील : दंड होईल.

चिमणाबाई : हू दे. त्या तिघांनी लिवलंय काय?

वकील : पिढ्यान्‌पिढ्या गूळ करणाऱ्यांचा धंदा असा बंद करायचा सरकारला अधिकार नाही, असं.

चिमणाबाई : कागदावर हाय?

वकील : तिघांच्या सह्यांनिशी.

चिमणाबाई : मग चौथ्याला काय पटलं न्हाय, तेवढं मला समजावून सांगा. बसते मी.